केस गळतायत? मेडिकलमध्ये जाण्याआधी एवढं करा

मला ऑक्टोबरात डेंगी झाला. दहा-बारा दिवसांत बरी झाले, कामावर रुजू झाले आणि दुखणं विसरूनही गेले. जानेवारीत, आमच्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा, केस गळायला लागले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघते, त्यामुळे आमच्या घरात सगळे टॉवेल पांढरे. न्हाऊन डोकं पुसलं की त्यावर इतके केस दिसायचे की विणतानाच काळं सूत मिसळलंय असं वाटावं. मोरीच्या जाळीवर रोज पुंजका. भांगातून हात फिरवायची भीती वाटू लागली.

पुढच्या चार महिन्यांत तीन तेलं, एक सीरम, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे दोन डबे आणि केसांच्या एका क्लिनिकचं पॅकेज, असे मिळून माझे 22 हजार रुपये गेले. मे महिन्यात शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितलं की गळती थांबत आलीय आणि ती तशीही थांबणारच होती. जूनमध्ये थांबली. याच काळात माझा धाकटा भाऊ, वय 26, माझंच तेल लावत होता. त्याची गळती वेगळ्या प्रकारची होती. ती आपोआप थांबत नाही. त्याआधीही दीड वर्ष तो असाच तेलांवर विसंबून होता. तेवढ्या वेळात त्याचं कपाळ दोन बोटं मागे सरकलं.

एका घरात दोन गळत्या आणि दोघांना एकच बाटली, ही आमची चूक. तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आणि स्वतः करून बघितलेलं इथे क्रमाने मांडलंय.

1. आधी दोन आठवडे नीट बघा

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर तीनेक महिने तो नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. हे चक्र प्रत्येक केसाचं वेगवेगळं चालतं, म्हणून रोज 50 ते 100 केस गळणं अगदी नेहमीचं आहे.

आता आपल्या सोलापूरची गोष्ट. इथे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत पाणी येईल त्या दिवशीच डोक्यावरून न्हाणं होतं. चार दिवसांनी न्हायलात तर चार दिवसांचे सुटे केस एकदम हातात येतात. ते 300 असले तरी घाबरायचं कारण नाही. म्हणून एका दिवसाचा पुंजका बघून काही ठरवू नका. दोन आठवडे बघा आणि आधीपेक्षा स्पष्ट फरक पडलाय का ते ठरवा.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. किमान एक दिवस न्हायलेलं नसताना 50-60 केसांची एक बट बोटांत धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने ओढत आणा. दोन-तीन केस आले तर ठीक. सहापेक्षा जास्त आले, आणि डोक्यावर तीन-चार ठिकाणी तसंच झालं, तर गळती खरोखर चालू आहे.

गळलेला केस काळ्या कापडावर ठेवून त्याचं टोकही बघा. टोकाला पांढरा, टाचणीच्या माथ्यासारखा बारीक गोळा असेल तर केस मुळातून गळलाय. (तो गोळा म्हणजे मूळ उपटलं असं नाही. केसाची पाळी संपल्याची ती खूण आहे.) गोळा नसेल आणि केस आखूड असेल तर तो मधेच तुटलाय. तुटणं आणि गळणं यांचे उपाय वेगळे आहेत.

2. तुमची गळती कोणत्या प्रकारची, ते ओळखा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

दुखण्यानंतरची गळती. डेंगी, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्याने वजन कमी करणं, घरातला मोठा धक्का. यातलं काही झालं की बरेच केस एकदम 'बसून राहण्याच्या' अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोवर आपण दुखणं विसरलेलो असतो, आणि दोष जातो नव्या शॅम्पूला. केस सगळ्या डोक्यावरून सारखे विरळ होतात, टक्कल पडत नाही. कारण दूर झालेलं असेल तर साधारण सहा महिन्यांत गळती थांबते आणि केस परत येतात. माझी हीच होती.

बाळंतिणींसाठी मुद्दाम सांगते. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, बाळ आईला ओळखायला लागलं की तिचे केस गळतात. काळ बरोबर जुळतो, साधारण तिसरा महिना. कारण असं, की गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे गळायचे केस गळत नाहीत. बाळंतपणानंतर ते उतरलं की थांबलेले सगळे एकदम गळतात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. यासाठी औषध लावू नका, विशेषतः अंगावर पाजत असाल तर.

आनुवंशिक गळती. पुरुषांमध्ये कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, मागे भोवऱ्याजवळ विरळ होतं. बायकांमध्ये पुढचे केस बहुधा शाबूत राहतात, पण भांग रुंदावत जातो. डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे केसाचं मूळ वर्षागणिक लहान होतं आणि जाड केसाच्या जागी बारीक लव उरते. टॉवेलवर फारसे केस दिसत नाहीत, म्हणून लक्षात यायला उशीर होतो. माझ्या भावाचं हेच झालं. "माझे तर तुझ्याइतके गळतच नाहीत," असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. मामाला टक्कल असेल तरच भाच्याला पडतं, असं सर्रास बोलतात. वडिलांकडूनही येतं. ही गळती लवकर ओळखली तर हातचे केस टिकवता येतात. मूळ पूर्ण मिटलं की कुठलीही बाटली ते परत आणत नाही.

चाई. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत, चकचकीत डाग. रात्रीतून पडल्यासारखा वाटतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. काही वेळा आपोआप भरतो, काही वेळा डॉक्टर त्या जागी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. लसूण किंवा कांदा चोळून कातडी भाजून घेतलेली माणसं मी बघितलीत. तसं करू नका.

डोक्यातलं गजकर्ण. हे मुख्यतः लहान मुलांना होतं. डागावर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके. ही बुरशी केसाच्या आत शिरते, त्यामुळे नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. आमच्या शेजारच्या मुलाला मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं होतं. चार दिवस लाली गेली, खाज थांबली, घरचे खूश झाले. पंधरा दिवसांत डाग दुप्पट झाला. स्टेरॉइडने बुरशी मरत नाही, उलट तिला मोकळं रान मिळतं.

ओढून बांधल्याची गळती. घट्ट वेणी, घट्ट अंबाडा, रोज तशीच पोनीटेल. कानशिलावरचे आणि कपाळावरचे केस आधी जातात. सैल बांधा. वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर ते केस परत येत नाहीत.

शरीरातल्या कमतरतेची गळती. लोह कमी, थायरॉईडचा त्रास, पाळीची गडबड आणि पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा त्रास). काही औषधांनीही केस गळतात. मात्र अशी शंका आली तर चालू गोळी मनाने बंद करू नका.

3. या खुणा दिसल्या तर मेडिकल सोडा, सरळ डॉक्टरांकडे जा

गोल डाग. डोक्यात दुखणं, जळजळ, पू, खपल्या. केस गेलेल्या जागी त्वचा गुळगुळीत होऊन केसांची छिद्रंच न दिसणं. भुवया किंवा पापण्याही गळणं. लहान मुलाची कुठलीही केसगळती. बाईला केसगळतीबरोबर हनुवटीवर राठ केस येणं आणि पाळी चुकणं. सहा महिने उलटूनही न थांबलेली गळती.

यात छिद्रं मिटण्याची खूण सगळ्यात घाईची. त्या आजारात मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे परत केस उगवत नाहीत. तिथे आठवड्यांनाही किंमत आहे.

खर्चाची अडचण असेल तर आपलं सिव्हिल आहे, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. केस पेपर काढून त्वचारोग विभागाची ओपीडी विचारा. गर्दी असते, सकाळी लवकर जा. खासगीत जायचं तर पाटीवरची पदवी वाचा: एमडी (त्वचारोग), डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी. 'ट्रायकॉलॉजिस्ट' (केसांचा तज्ज्ञ) अशी पाटी असली म्हणजे तो माणूस डॉक्टर असतोच असं नाही. मी पॅकेज घेतलं तिथे डॉक्टर नव्हताच, हे मला पैसे भरल्यावर कळलं.

4. रक्त तपासायचं असेल तर

डॉक्टर सहसा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) सांगतात, गरज वाटली तर डी आणि बी-12 जीवनसत्त्वं. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं. माझं तसंच होतं.

एक सापळा फार थोड्यांना ठाऊक असतो. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉईडचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचाही येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तशी सूचनाच काढली. म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा, आणि किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारा. केसांसाठीच्या गमीजमध्येही, म्हणजे चघळायच्या गोळ्यांमध्येही, बायोटिन असतं.

लोहाच्या गोळ्या रिपोर्ट न बघता सुरू करू नका. घरात लहान मूल असेल तर त्या कुलपात ठेवा, मुलांना त्यांची विषबाधा होते.

5. मेडिकलमधून घेण्यासारखं काय आहे

खरं सांगायचं तर दोनच गोष्टी.

मिनोक्सिडिल. आनुवंशिक गळतीवर डोक्याला लावायचं, पुराव्यानिशी सिद्ध झालेलं औषध. ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून लावायचं औषध निघालं, आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे लक्षात ठेवा, म्हणजे ते लावून चक्कर किंवा धडधड का होऊ शकते ते कळेल.

पुरुषांना सहसा 5 टक्क्यांचं, 1 मिली, दिवसातून दोनदा. बायकांना 2 टक्क्यांचं दोनदा किंवा 5 टक्क्यांचा फोम एकदा. बाटलीतल्या ड्रॉपरवर 1 मिलीची खूण असते. म्हणजे दोनदा लावलं तर 60 मिलीची बाटली बरोबर 30 दिवस जाते. त्याआधी संपली तर जास्त लावताय, आणि जास्त लावून केस जास्त येत नाहीत.

लावायचं ते कोरड्या त्वचेवर, केसांवर नाही. भांग पाडून थेंब सोडा, बोटाने पसरवा, हात धुवा, चार तास डोकं भिजवू नका. रात्री झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीला लागून तेच चेहऱ्याला लागतं आणि तिथे लव वाढते. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत गॅसजवळ जाऊ नका. सकाळी लावून लगेच भाकऱ्या थापायला बसणाऱ्यांनी वेळ बदलावी. घरात मांजर असेल तर जास्त जपा: थोडंसं मिनोक्सिडिलही मांजराच्या जिवावर बेततं. सांडलेलं पुसा, बाटली वर ठेवा, ओल्या डोक्याजवळ मांजर येऊ देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. जुने केस नव्यांना जागा देतात म्हणून हे होतं. माझ्या भावाने तिसऱ्या आठवड्यात बाटली फेकून दिली होती. दुसरी आणायला दोन महिने घालवले. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. आणि बंद केलं की तीन-चार महिन्यांत मिळालेलं सगळं परत जातं. म्हणून सुरू करतानाच ठरवा की हा महिन्याचा खर्च वर्षानुवर्षं जमणार आहे का.

गरोदर बायका, पाजणाऱ्या आया आणि 18 वर्षांखालच्या मुलांनी हे लावू नये. हृदयविकार असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. छातीत धडधड, चक्कर, पायावर सूज आली तर बंद करा. नुसती खाज येत असेल तर बऱ्याचदा ती त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकामुळे असते. तेव्हा फोम विचारा, त्यात ते सहसा नसतं.

बाटली घेताना नाव पूर्ण वाचा. त्याच कंपनीच्या, तशाच दिसणाऱ्या बाटलीत मिनोक्सिडिलबरोबर फिनास्टेराइड मिसळलेलं असतं, बऱ्याचदा नावापुढे फक्त 'एफ' जोडलेला असतो. फिनास्टेराइड डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं औषध आहे. पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून गरोदर किंवा दिवस राहू शकतील अशा बाईने त्याला हातही लावू नये. नवऱ्याची बाटली बायकोने वापरणं घरोघरी चालतं. इथे ते अजिबात नको.

कीटोकोनाझोल 2 टक्के शॅम्पू. कोंडा आणि खाज असेल तर. आठवड्यातून दोनदा, डोक्याला लावून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवा, मग धुवा. लावून लगेच धुतलात तर पैसे मोरीत गेले. चार आठवड्यांत फरक पडायला हवा. कोंडा असताना डोक्यावर तेल थापू नका, कोंड्याची बुरशी त्याच तेलावर पोसली जाते.

6. यावर पैसे घालवू नका

खोबरेल तेल चांगलं आहे. न्हाण्याआधी लावलं तर केस कमी तुटतात. पण ते केस उगवत नाही, आणि बाटलीत किती वनस्पती उकळल्यात त्याने यात फरक पडत नाही. आपल्या औषध नियमांच्या 'अनुसूची जे'मध्ये टक्कल बरं करण्याचा आणि नवे केस उगवण्याचा दावा औषधाला करता येत नाही, असं स्पष्ट नमूद आहे. 'सात दिवसांत नवे केस' असं कुणी छापलं असेल, तर त्याने पहिल्याच ओळीत नियम मोडलाय.

केसांच्या 'मल्टिव्हिटॅमिन'बद्दल एक गोष्ट. 2025 च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गळून घाबरली होती. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तेव्हा रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हे खनिज वाढल्याचं दाखवून दिलं. हेच सेलेनियम केसांच्या गोळ्यांत 'पोषण' म्हणून घातलेलं असतं. सेलेनियम असो की अ जीवनसत्त्व, जास्त झालं की त्यानेच केस गळतात. दोन-तीन ब्रँडच्या गोळ्या एकत्र घेऊ नका.

मुंडण केल्याने केस दाट होत नाहीत. तिरुपतीला केस दिल्यावर नवे राठ लागतात, कारण कापलेलं टोक बोथट असतं. मुळांची संख्या तेवढीच राहते. नवस फेडायला जरूर जा, उपचार म्हणून नको. आणि ऑनलाइन मिळणारा सुयांचा रोलर घरी फिरवू नका. त्याने जंतुसंसर्ग होतो, आणि टोचलेल्या त्वचेवर मिनोक्सिडिल लावलं तर ते रक्तात जास्त जातं.

7. पाणी आणि जेवण, थोडक्यात

बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात. मुळातून गळण्याला ते कारण नाही. शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या, तेवढं पुरे.

जेवणात लोह आणि प्रथिनं बघा: मटकी, हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्या, चालत असेल तर अंडी-मटण. भाकरीबरोबर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. लिंबाने लोह अंगी लागतं, चहाने अडतं. मला ही एकच सवय सोडायला सगळ्यात जड गेली.

8. डॉक्टरांकडे जाताना पिशवीत काय हवं

- गेल्या सहा महिन्यांतली दुखणी, ऑपरेशन, बाळंतपण, त्यांच्या तारखांसह
- चालू असलेली सगळी औषधं, गमीज आणि आयुर्वेदिकसुद्धा, पाकिटांसकट
- जुने रक्ताचे रिपोर्ट
- आईवडील, मामा, काका यांच्यात कुणाला टक्कल आहे त्याची नोंद
- बायकांनी शेवटच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा
- दर महिन्याच्या 1 तारखेला, त्याच खिडकीपाशी, भांग तसाच पाडून काढलेले फोटो: समोरून, माथ्यावरून, दोन्ही कानशिलांवरून
- आधार कार्ड, सिव्हिलला जात असाल तर

त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. जाण्याआधी एक-दोन दिवस न्हाऊही नका, म्हणजे ओढून बघता येतं. कुठल्या दुखण्यात ताप आला असेल तर त्याची तारीख कागदावर सगळ्यात वर लिहा. माझा कागद हातात घेतल्यावर डॉक्टरांनी आधी ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे बोटांवर महिने मोजले आणि मग माझ्या डोक्याकडे बघितलं.